टीएनसाठी गेलो, बॉर्डरवरून परत पाठवलं. सोमवारी जॉइनिंग आहे, मदत हवी आहे

पिंपरीकर_परदेशी
नमस्कार मंडळी. थोडक्यात लिहितो, वेळ नाहीये. मी कॅनडात असतो, अमेरिकेत नोकरी मिळालीय. काल टीएन व्हिसासाठी (व्यापार कराराखाली ठरावीक व्यवसायांना मिळतो तो) अमेरिकेच्या बॉर्डरवर गेलो होतो. साडेतीन तास बाकड्यावर बसवून ठेवलं आणि शेवटी ऑफिसर म्हणाला, पदवी आणि नोकरी जुळत नाही. ऑफर लेटर होतं, डिग्री होती, १२ वर्षांचा अनुभव आहे. ऑफर सॉफ्टवेअर इंजिनियरची, मी इंजिनियर. आणखी काय जुळायला हवं? आमच्यातलेच दोघं याच व्हिसावर वीस मिनिटांत आत गेलेत. दुसऱ्या नाक्यावरून प्रयत्न केला तर? कुठला नाका बरा? हल्ली कोणी गेलं असेल तर प्लीज लवकर सांगा.

विंडसरवाडी
नाक्याचं नंतर बघू. आधी हे सांगा:
कॅनडाचे नागरिक आहात की पीआर (कायम रहिवासी)? डिग्री कशातली, कुठली, किती वर्षांची? लेटरमध्ये टीएनची कॅटेगरी कुठली लिहिली होती? परत पाठवताना हातात कुठला कागद दिला? पासपोर्ट कधी संपतोय?
एवढं कळल्याशिवाय बोलणं म्हणजे पेशंट न बघता औषध देणं.

शुद्धलेखन
टीएन हा कॅनेडियन लोकांसाठी व्हिसा नसतोच. तो स्टेटस. कॅनेडियन माणूस थेट बॉर्डरवर किंवा विमानतळावर अर्ज करतो आणि आय-९४ (प्रवेशाची नोंद, किती मुदत मिळाली ती त्यावर असते) घेऊन आत जातो. व्हिसाचा शिक्का मेक्सिकोच्या नागरिकाला लागतो, त्याला कॉन्सुलेटमध्ये जावं लागतं. धाग्याचं शीर्षक दुरुस्त करावं.

झब्बू
शीर्षकात व्हिसा हा शब्दच नाहीये हो.

@पिंपरीकर, बॉर्डरवर जाऊच नका. कंपनीला सांगा, आय-१२९ फॉर्म भरून यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) अर्ज करा, वर लवकर निकालासाठी प्रीमियमचे पैसे भरा. १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर. मंजुरीचा कागद घेऊन राजासारखं आत जायचं. मी तेच केलं. बाकड्यावर बसायची वेळ आली नाही.

पिंपरीकर_परदेशी
सोमवारी जॉइनिंग आहे असं लिहिलंय. १५ दिवस कुठून आणू?
नागरिक आहे, चार वर्षं झाली. डिग्री बी.ई., पुणे विद्यापीठ. कागद दिलाय, त्यावर आय-२७५ असं काहीतरी आहे. लेटरमध्ये ‘इंजिनियर’ कॅटेगरी आहे, तीच तर बरोबर आहे ना?

विंडसरवाडी
आय-२७५ म्हणजे तुम्ही स्वतःहून अर्ज मागे घेतला अशी नोंद. बंदी वगैरे काही नाही, पण पुढच्या वेळी विचारलं तर खरं सांगायचं. सिस्टिममध्ये त्यांना दिसतंच. म्हणून नाका बदलून उपयोग नाही, स्क्रीन सगळीकडे तीच.
बी.ई. कशातलं?

पिंपरीकर_परदेशी
मेकॅनिकल.

झब्बू
हे आधी सांगायचं की! मेकॅनिकलची डिग्री आणि सॉफ्टवेअर इंजिनियरची नोकरी. ऑफिसरचं काय चुकलं?

खमंग_काकडी
टीएन ज्या व्यवसायांना मिळतं त्यांची यादी नाफ्टाच्या (कॅनडा-अमेरिका-मेक्सिकोचा जुना व्यापार करार) काळातली आहे, १९९४ ची. १ जुलै २०२० ला नवा करार आला तरी यादी जवळजवळ तीच राहिली. तिच्यात मधमाश्यांचा तज्ज्ञ आहे, कोंबड्यांचा शास्त्रज्ञ आहे, सॉफ्टवेअरवाला नाही. त्यामुळे आयटीवाल्यांना ‘इंजिनियर’ किंवा ‘कॉम्प्युटर सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट’ यातल्या एका खुर्चीत स्वतःला बसवावं लागतं. माझ्या नवऱ्याचं अ‍ॅनालिस्टमध्ये झालं. तुम्हीही तेच करा, लेटर बदलून घ्या.

विंडसरवाडी
@खमंग_काकडी, यजमानांची डिग्री कॉम्प्युटरची असणार. यांची नाही. शिवाय अ‍ॅनालिस्ट म्हणजे प्रोग्रॅमर नव्हे, कामात दिवसभर कोडिंग दिसलं की तिथेही अडवतात.

पिंपरीकर_परदेशी
अ‍ॅनालिस्टला डिप्लोमा आणि तीन वर्षांचा अनुभवही चालतो असं वाचलं. माझा बी.ई.च्या आधी गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे, डायरेक्ट सेकंड इयरला आलो होतो. तो लावू का?

विंडसरवाडी
नाही चालणार. डिप्लोमा कॅनडा किंवा अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेचा हवा, नियमातच व्याख्या दिली आहे. आपल्याकडची पदवी चालते, डिप्लोमा नाही. अनेकजण इथेच आपटतात.

सिंगापूरचा_सदू
आमच्याकडे यापेक्षा सोपं आहे. सिंगापूरचा नागरिक असाल तर अमेरिकेचा एच-१बी१ हा नोकरीचा व्हिसा मिळतो, तोही व्यापार कराराखालीच. दरवर्षी ५४०० जागा सिंगापूरला, १४०० चिलीला. सिंगापूरच्या कधी भरतही नाहीत. लॉटरी नाही.

झब्बू
सदूभाऊ, ते कॅनडात आहेत.

सिंगापूरचा_सदू
माहिती म्हणून दिली. कोणाच्या तरी कामाला येईल.

चावडी१२
धागा हायजॅक करतोय, माफ करा. मी ब्रॅम्प्टनला आहे, पीआर आहे, पासपोर्ट भारताचाच. मला टीएन मिळेल का? एजंट म्हणतोय मिळेल.

विंडसरवाडी
नाही. फक्त नागरिकांना. पीआर कार्ड कितीही जुनं असो. एजंटाला पैसे देऊ नका.

चावडी१२
३०० डॉलर दिलेत.

आगाऊ_आत्या
नागरिकत्व घ्यायचं तर पाच वर्षांत १०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात राहिलेलं लागतं. आणि ते घेतलं की भारताचा पासपोर्ट सरेंडर करावा लागतो. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढून ठेव बाळा. माझ्या भाच्याने कंटाळा केला आणि लग्नाला पुण्याला जायच्या वेळी धावाधाव. ओसीआयवर शेतजमीन घेता येत नाही हेही लक्षात ठेव, वारसाने आली तर गोष्ट वेगळी.

झब्बू
आत्या, शेतजमीन कुठून आली इथे?

आगाऊ_आत्या
सगळ्यांच्या कामाची गोष्ट आहे. सासवडला आमची किती भांडणं झाली ते मला ठाऊक.

पिंपरीकर_परदेशी
मंडळी, शेतजमीन नंतर. माझं काय? एचआर म्हणतेय की लेटर हवं तसं बदलून देऊ, तुम्ही मजकूर पाठवा. मेकॅनिकल इंजिनियर लिहून घेऊ का?

खमंग_काकडी
घ्या की. लेटर कंपनीचं आहे, त्या म्हणतील ते पद.

विंडसरवाडी
असं अजिबात करू नका. काम एक आणि लेटरमध्ये दुसरं, हे पकडलं तर त्याला खोटी माहिती देणं म्हणतात. मग परत पाठवण्यावर भागत नाही, कायमची प्रवेशबंदी लागू शकते. २० मिनिटांचं काम वाचवायला आयुष्यभराचा दरवाजा लावून घेऊ नका.
मुळात तुम्ही तिथे दिवसभर करणार काय आहात, हे कोणी विचारलंच नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. सांगा जरा.

पिंपरीकर_परदेशी
तेच जे इथे करतो. क्रॅश सिम्युलेशन. कंपनी मिशिगनमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवते. बंपर, दाराचे बीम, बी-पिलर यांचं मॉडेल हायपरमेशमध्ये मेश करायचं, एलएस-डायनामध्ये आदळवायचं, पत्रा कुठे फाटतो, वेल्ड कुठे सुटतो, आत बसलेल्या डमीच्या छातीवर किती भार येतो ते बघायचं आणि डिझाइनवाल्यांना जाडी किंवा मटेरियल बदलायला सांगायचं. थोडं पायथन असतं, रिपोर्ट आपोआप निघावेत म्हणून. हे सगळ्यांना माहीत असतं ना, सीएई (कॉम्प्युटरवरचं इंजिनियरिंग) म्हणजे काय ते.

झब्बू
अहो महाराज!!!

विंडसरवाडी
हे तर शंभर टक्के मेकॅनिकल इंजिनियरचं काम आहे. मग लेटरमध्ये सॉफ्टवेअर आलं कुठून?

पिंपरीकर_परदेशी
कंपनीत सिम्युलेशनवाले सगळे ‘सॉफ्टवेअर इंजिनियर, सिम्युलेशन’ याच पगारश्रेणीत बसतात. सॉफ्टवेअर वापरतो म्हणून असेल. एचआरने तेच चिकटवलं. कामाच्या वर्णनात पहिली ओळ ‘सॉफ्टवेअर टूल्स विकसित करणे’ अशी होती. मी वाचलं होतं, पण पगाराचा आकडा बरोबर आहे ना एवढंच नीट बघितलं.

विंडसरवाडी
बघा, ऑफिसरने तुमच्या डोक्यातलं वाचलं नाही, कागदावरचं वाचलं. त्याच्या समोर तीन गोष्टी असतात: यादीतला व्यवसाय, लेटरमधलं काम, पदवी. तिन्हींत मेकॅनिकल दिसलं की त्याला विचारायला फारसं उरत नाही.
नवं लेटर असं घ्या. व्यवसाय: इंजिनियर. पदाचं नाव कंपनीत जे आहे ते राहू दे, लपवू नका, फक्त पुढे एक ओळ हवी की या पदावरचं काम मेकॅनिकल इंजिनियरिंगचं आहे. मग वर तुम्ही मराठीत लिहिलंत तसंच, बंपर, वेल्ड, पत्र्याची जाडी. पायथन शेवटी, जेवढं आहे तेवढंच. किती मुदतीसाठी (एका वेळी तीन वर्षांपर्यंत देतात), पगार किती आणि तो कोण देणार, तुमची पदवी कुठली. कंपनीच्या लेटरहेडवर, सहीनिशी. दोन पानं पुरे.
आणि बी.ई.चं मूळ प्रमाणपत्र न्या. काल काय नेलं होतं?

पिंपरीकर_परदेशी
शेवटच्या वर्षाची मार्कशीट आणि प्रोव्हिजनल (तात्पुरतं) सर्टिफिकेट.

खमंग_काकडी
😂 म्हणजे पदवीदान समारंभाला अर्जच केला नव्हता ना? आमच्या घरीही तेच. नवऱ्याचं सर्टिफिकेट सासूबाईंनी जुन्या पत्रिका आणि मुंजीच्या फोटोंबरोबर पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं होतं, लॅमिनेट करून.

पिंपरीकर_परदेशी
अर्ज केला होता. प्रमाणपत्र चिंचवडला आईकडे आहे. आज कुरियर करायला सांगतो. शुक्रवारपर्यंत येईल?

आगाऊ_आत्या
आईला आधी फोटो काढून पाठवायला सांग. आणि कुरियरवाल्याला लॅमिनेटची घडी घालू देऊ नकोस म्हणावं.

विंडसरवाडी
शुक्रवारी येणार नाही. जॉइनिंग पुढे ढकला. सोमवारचा हट्ट धरून अर्ध्या कागदांवर परत गेलात तर दुसरी आय-२७५ लागेल. कंपनी एक आठवडा थांबते, त्यांनाच गरज आहे.
एक बारीक गोष्ट. पुणे विद्यापीठाच्या कागदांवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. मार्कशीटवर आईचंही नाव असतं. कॅनडाच्या पासपोर्टवर क्रम वेगळा असेल तर ऑफिसर विचारतो. न गोंधळता सांगा.
पासपोर्टचं उत्तर राहिलंय.

झब्बू
मी तरी म्हणतो आय-१२९ च बरं. लेटर कितीही छान असलं तरी ऑफिसरच्या मूडचा भरवसा नाही.

विंडसरवाडी
मला चार वेळा मिळालंय, चारही वेळा बॉर्डरवर. मूड नाही, कागद बोलतो.

झब्बू
चार वेळा म्हणजे बारा वर्षं? ग्रीन कार्ड का नाही केलंत?

विंडसरवाडी
विंडसरला घर आहे, बायको इथे शिकवते, मी रोज पूल ओलांडून जातो आणि संध्याकाळी परत येतो. डेट्रॉइटच्या हॉस्पिटलांतल्या कितीतरी नर्सेस असंच करतात. अमेरिकेत राहायला जायचंच कशाला?

पिंपरीकर_परदेशी
बायकोवरून आठवलं. माझी मिसेस फार्मसिस्ट आहे, तिला माझ्याबरोबर काम करता येईल ना?

खमंग_काकडी
तुमच्यामागे टीडीवर (टीएनवाल्याच्या जोडीदाराचं, मुलांचं स्टेटस) आली तर नाही. टीडीवर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. पण फार्मसिस्ट यादीत आहे. तिला स्वतंत्र नोकरी मिळाली तर स्वतःचं टीएन काढता येईल, मात्र तिथल्या राज्याचं लायसन्स वगैरे वेगळं प्रकरण आहे. हे तिला आधी सांगा. मी दोन वर्षं टीडीवर घरी बसून काढलीत, कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सिंगापूरचा_सदू
एच-१बी१ वाल्यांच्या बायकोलाही एच-४ वर (तिकडचा जोडीदाराचा व्हिसा) काम करता येत नाही. तेवढं सारखं आहे.

पिंपरीकर_परदेशी
अपडेट. (अकरा दिवसांनी लिहितोय, सॉरी.) जॉइनिंग दोन आठवडे पुढे ढकललं, एचआर काही बोलली नाही. आईने प्रमाणपत्र पाठवलं, सोबत कुरियरवाल्याने चुकून सोडलेली लसणाची चटणीही. परवा टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावरून विमानानेच गेलो, तिथेच अमेरिकेची तपासणी होते. मागच्या वेळचं विचारलं, खरं सांगितलं. ऑफिसरने लेटरमधलं बंपरचं वाचलं आणि विचारलं, माझ्या ट्रकचा बंपर कुठल्या वेगाला तुटेल? मी मॉडेल आणि वर्ष विचारलं. हसला. ५० डॉलर फी घेतली, पंचवीस मिनिटांत बाहेर.

एकच गोष्ट. लेटरवर तीन वर्षं मागितली होती, आय-९४ वर चौदाच महिने आले. असं का?

विंडसरवाडी
पासपोर्ट कधी संपतोय?

पिंपरीकर_परदेशी
चौदा महिन्यांनी.