मणक्यातील गाठ उष्णतेने जाळण्याची चाचणी: कत्तलखान्यातील मणके पुरेसे आहेत का?

प्रश्न (पशुशल्यचिकित्सा, पदव्युत्तर विद्यार्थिनी):
मणक्यात पसरलेली कर्करोगाची गाठ रेडिओफ्रिक्वेन्सीने (सुईतून सोडलेल्या उच्च वारंवारतेच्या विद्युत्प्रवाहाच्या उष्णतेने) जाळताना मज्जारज्जूला किती झळ पोहोचते, हे मला डुकराच्या कमरेच्या मणक्यांवर मोजायचे आहे. कत्तलखान्यातून आणलेले मणके ३७ अंश सेल्सिअसच्या सलाइनमध्ये ठेवून आणि मज्जारज्जूच्या नळीत थर्मोकपल (तापमान मोजणारी बारीक तार) बसवून मोजणी सुरू केली आहे. एवढ्यावर प्रबंध उभा राहील, की जिवंत प्राणी घ्यावाच लागेल? एकही जनावर विनाकारण वापरले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (रेडिओलॉजिस्ट):
मृत मणक्यात रक्त वाहत नाही, त्यामुळे जिवंतपणी नळीतील शिरा आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव जी उष्णता वाहून नेतात, ती तिथेच साचते आणि आपले आकडे प्रत्यक्षापेक्षा चढे येण्याची शक्यता असते. पेशी ६० अंशांना जवळपास तत्काळ मरतात, मज्जातंतूंना मात्र ४५ अंशांच्या आसपासच धोका सुरू होतो. सारा प्रश्न या दोन आकड्यांमधल्या काही मिलिमीटरांचा आहे. डुप्यू आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या, डुकरांच्या मणक्यांवरील प्रयोगात मणक्याच्या टणक बाह्य कवचाने उष्णता अडवल्याचे दिसले होते. पण ते कवच निरोगी होते. माझ्या कित्येक रुग्णांच्या मणक्याची मागची भिंत गाठीने आधीच पोखरलेली असते, आणि मला खरी भीती तिथेच वाटते. म्हणून आपण काही मणक्यांची मागची भिंत बारीक ड्रिलने कोरून मोजणी पुन्हा करावी; त्यासाठी जिवंत प्राणी लागत नाही.

उत्तर (पशुभूलतज्ज्ञ):
वरील सूचना मला पूर्ण पटते. तरीही तापमान म्हणजे इजा नव्हे. भुलीतून उठलेले डुक्कर मागचे पाय टेकते की फरफटत नेते, हे थर्मोकपल सांगू शकत नाही. तो प्रश्न प्रबंधात असेल तरच संस्थेच्या प्राणी नीतिसमितीमार्फत सीसीएसईएकडे (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीकडे) मंजुरी मागा, आणि वेदनाशमन, निरीक्षणाचा काळ व प्रयोग कधी थांबवायचा याचे निकष अर्जातच लिहा.

प्रश्नकर्ती:
आपणा दोघांचेही आभार. भिंत शाबूत असलेले आणि कोरलेले, असे दोन्ही प्रकारचे मणके आता एकाच सलाइनमध्ये शेजारीशेजारी ठेवून मोजणार आहे. जिवंत प्राण्यासाठीचा अर्ज तोपर्यंत बाजूला ठेवते.

उत्तर (रेडिओलॉजिस्ट):
एक राहिले: थर्मोकपल नळीच्या मध्यभागी न ठेवता मागच्या भिंतीला टेकवून आणि मज्जातंतू जिथून बाहेर पडतो त्या छिद्रापाशी, असे दोन ठिकाणी बसवा.