रविवारचा मुलांचा मेळावा: ग्लूटेन फ्री पीनट बटर कुकीज, वर चॉकलेट

डी-३०१ : सोसायटीतल्या सर्वांना नमस्कार. रविवारच्या मुलांच्या मेळाव्याचा खाऊ ठरवायचा आहे. चाळीस मुलं धरा. बिस्किटांचे पुडे आणायचे की कुणी घरी काही करणार आहे? आज रात्रीपर्यंत सांगा.

ए-५०३ : एक सांगायचं होतं. आमच्या मुलाला नुकतंच सिलिअ‍ॅक या आजाराचं निदान झालंय. गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन, म्हणजे त्यांच्यापासून केलेलं काहीही, त्याला चालत नाही. त्याचा डबा मी वेगळा देईन, त्याच्यासाठी कुणी मेनू बदलू नका. फक्त कौतुकाने त्याच्या हातावर बिस्कीट ठेवू नका, एवढीच विनंती.

बी-२०४ : वहिनी, वेगळा डबा कशाला? मला स्वतःला सिलिअ‍ॅक आहे, बरीच वर्षं. बाकीची मुलं एकच खाऊ खातात आणि आपण आपला डबा उघडून बसतो, हे लहान वयात फार लागतं. सगळ्यांसाठीच पीनट बटर कुकीज करू, वर चॉकलेट लावून. त्यात मैदा मुळातच पडत नाही, त्यामुळे मैद्याऐवजी काय, हा प्रश्नच येत नाही. आणि माझ्या स्वयंपाकघरात गहू शिरतच नाही.

सी-१०१ : अगं, पण मैद्याशिवाय कुकी धरून कशी राहते? माझा अनुभव असा की मैदा जरा कमी पडला तरी ट्रेभर पसरते.

बी-२०४ : काकू, शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असलं तरी साधारण पाव भाग प्रथिनं असतात. त्यात अंडं घातलं की उष्णतेने अंड्यातली प्रथिनं आवळतात आणि सगळं एकत्र बांधलं जातं. साखर ओव्हनमध्ये वितळते आणि गार होताना परत कडक होते, कुकीचा कुरकुरीतपणा तिथून येतो. पीनट बटर मात्र कुठलं घेतो त्यावर बरंच अवलंबून आहे. ज्याच्यावर तेल तरंगतं, ते नुसते दाणे वाटून केलेलं असतं. त्याची कुकी पसरते आणि कडेने तेल सुटतं. ज्यात घट्टपणासाठी हायड्रोजनेटेड तेल किंवा पाम तेल असतं, ते आकार चांगला धरतं. पहिल्यांदा करणाऱ्याने दुसरं घ्यावं.

सी-१०१ : घरीच दाणे भाजून मिक्सरवर केलं तर? विकतचं कशाला?

बी-२०४ : होतं की. आधी कूट होतो, मग त्याचा गोळा होऊन भांड्याच्या कडांना चिकटतो. तिथे बऱ्याच जणांना वाटतं की बिघडलं. बिघडलेलं नसतं. मधूनमधून मिक्सर थांबवून कडा खरवडायच्या आणि फिरवत राहायचं, एका क्षणी तेल सुटून ते चकचकीत वाहायला लागतं. पण काकू, ज्या मिक्सरमध्ये कधी गव्हाचं काही फिरलंय, तो या कामाला नको. पात्याच्या खालच्या रबरात पीठ अडकून राहतं आणि ते घासून निघत नाही.

ए-२०२ : ताई, राग मानू नका, पण एवढ्याशा पिठाने खरंच काही होतं का? आमच्या लहानपणी असलं काही ऐकलं नव्हतं.

बी-२०४ : राग कसला काका, हे सगळ्यांनी विचारायलाच हवं. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा भाग, काही महिने पोटात गेला तरी सिलिअ‍ॅक असलेल्यांच्या आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलेलं आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं पोषण तिथून शोषलं जातं. ग्लूटेन आलं की शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांच्यावरच उलटते आणि ते झिजून सपाट होतात. मूल पोटभर जेवतं, पण अंगी लागत नाही. पोट दुखलं नाही तरी आतली झीज चालूच असते, त्यामुळे "खाल्लं आणि काही झालं नाही" याला अर्थ नसतो. "ग्लूटेन फ्री" लिहिण्यासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. इतकी बारीक मर्यादा त्यासाठीच.

बी-२०४ : आणि आजार पूर्वीही होता काका, कारण माहीत नव्हतं. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा एकीकडे उपासमार चालू असताना ही आजारी मुलं सुधारायला लागली. ब्रेड परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. त्याआधी कितीतरी मुलं कारण न कळताच गेली असतील.

ए-२०२ : हे माहीत नव्हतं. वहिनी, रविवारी दारापाशी मी बसतो. बाहेरचा खाऊ कुणी आत आणणार नाही हे माझ्याकडे.

ए-५०३ : काका, खूप बरं वाटलं. ताई, कृती टाका ना, मलाही घरी करायचं आहे.

बी-२०४ : एका घाण्याला पीनट बटर २५० ग्रॅम, साखर १८० ग्रॅम (निम्मी ब्राऊन शुगर घेतली तर कुकी आतून मऊ राहते), एक अंडं, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला. सगळं एका भांड्यात घालून चमच्याने ढवळायचं, बीटर नको. मिश्रण आधी सैल वाटतं आणि मग एकदम आवळून चमच्याभोवती गोळा होतं, तिथे थांबायचं. वीस-वीस ग्रॅमचे गोळे, २४ होतात. ते अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे कमी पसरतात. ओव्हन आधी १७५ अंशांवर तापवून ठेवा, मग १० ते १२ मिनिटं. आपल्याला चार घाणे लागतील.

बी-२०४ : आता सगळ्यात महत्त्वाचं. वेळ झाली की कुकी कच्ची वाटते. बोट लावलं तर दबते, उचलायला गेलं तर मोडते. तरीही ओव्हनमधून काढायचीच. कडा किंचित तांबूस झाल्या आणि वर बारीक भेगा पडल्या की झालं. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, हात लावू नका. त्या दहा मिनिटांत ती घट्ट होते. ओव्हनमध्येच कडक होईपर्यंत ठेवली तर गार झाल्यावर दाताने फुटत नाही, आणि दाणा जास्त भाजला गेल्याचा कडूपणा येतो तो चॉकलेटनेही झाकत नाही.

सी-१०१ : बेकिंग पावडर नाही चालणार? सोडा जरा जपूनच घालते मी.

बी-२०४ : काकू, सोड्याने रंग छान येतो आणि कुकी हलकी होते. बेकिंग पावडरमध्ये भर म्हणून स्टार्च असतो. तो बहुतेक वेळा मक्याचा असतो, पण गव्हाचाही असू शकतो, त्यामुळे डबा वाचावा लागतो. सोड्यात दुसरं काही नसतं. अर्ध्या चमच्याच्या वर मात्र नको, साबणासारखी चव येते.

सी-४०३ : चॉकलेटचं काम मला द्या. दोन पद्धती आहेत. कुकी ओव्हनमधून आल्याबरोबर चॉकलेटचा तुकडा मधोमध हलकेच दाबायचा. अमेरिकेत ओहायोच्या फ्रीडा स्मिथ यांनी १९५७ साली पिल्सबरीच्या बेकिंग स्पर्धेत अशीच कुकी पाठवली होती, तेव्हापासून ती तिकडे घरोघरी होते. पहिला क्रमांक मिळाला नव्हता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती हीच. दुसरी पद्धत म्हणजे कुकी पूर्ण गार करून वितळलेल्या चॉकलेटमध्ये अर्धी बुडवायची. दिसायला सुंदर, पण चाळीस मुलांसाठी मी पहिलीच घेईन.

डी-३०१ : गरम कुकीवर ठेवलं तर वितळून पसरणार नाही का?

सी-४०३ : कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे तुकडा मऊ होणारच. पण त्याला हलवलं नाही तर आकार टिकतो. तुकडे आधी फ्रीजमध्ये गार करून घ्यायचे. दाबल्यावर कुकीला कडेने भेगा पडतात, त्या छानच दिसतात. मग पाच मिनिटांनी अख्खा ट्रे फ्रीजमध्ये. बुडवायच्या असतील तर डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवून, २८ पर्यंत उतरवून, परत ३१-३२ वर आणावं लागतं. तसं केलं तर ते चकाकतं आणि तोडताना कट्कन आवाज येतो. नाही केलं तर दुसऱ्या दिवशी पांढरट डाग दिसतात. खराब झालेलं नसतं, पण मुलं बाजूला ठेवतात. आणि वितळवताना पाण्याचा थेंब नको, एका थेंबाने अख्खं भांडं दाणेदार होऊन आखडतं.

बी-२०४ : दादा, चॉकलेट घेताना मागचं बारीक अक्षर वाचाल ना? कोकोत ग्लूटेन नसतं, पण माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जवापासून केलेलं. आत वेफर, बिस्किटाचा चुरा असतो तो वेगळाच. "गव्हाचा अंश असू शकतो" असं लिहिलेलंही नको.

सी-४०३ : फोटो काढून तुम्हाला पाठवतो, तुम्ही हो म्हणालात तरच घेतो.

बी-६०४ : उशिरा बघितलं, माफ करा. आमच्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, चांगलीच तीव्र. तिचं इंजेक्शन आम्ही कायम जवळ ठेवतो. सगळे इतक्या आनंदाने ठरवताय, मला बोलायलाही जड जातंय. पण चाळीस मुलं त्याच हातांनी एकमेकांची खेळणी धरणार, ग्लास उचलणार.

बी-२०४ : वहिनी, बोललात ते फार बरं केलंत. हे आधी मी विचारायला हवं होतं, तसं न विचारता ठरवायचं नाही. असं करू या का? हॉलमध्ये कुकी कुणीच खायची नाही. तिथे सगळ्यांना फळं आणि सरबत. कुकीज बंद पिशवीत, फ्लॅट नंबर लिहून, घरी जाताना दारापाशी द्यायच्या. तुमची पिशवी आमच्या स्वयंपाकघरातून येणारच नाही. तुम्ही तुमच्याच घरी सूर्यफुलाच्या बियांच्या बटरच्या करा, कृती आणि प्रमाण हेच. वर चॉकलेट, मात्र शेंगदाण्याचा अंशही नसलेलं. पिशवी सगळ्यांसारखीच दिसेल.

बी-६०४ : हे जमेल. खरंच जमेल. सूर्यफुलाच्या बियांच्या होतात हे माहीत नव्हतं.

बी-२०४ : होतात, चवही छान. एक आधीच सांगते, दुसऱ्या दिवशी कुकी आतून हिरवी दिसेल. घाबरून टाकू नका. त्या बियांमध्ये क्लोरोजेनिक अ‍ॅसिड असतं, सोड्याशी त्याची प्रक्रिया होऊन हिरवा रंग येतो. अपाय काही नाही. सोडा निम्मा करून लिंबाचा रस थोडासा घातला तर रंग बराच कमी होतो.

बी-६०४ : मी लिंबू नाही घालणार. तिला हिरवा रंग आवडतो.

सी-१०१ : मला काय काम? माझा ओव्हन मोठा आहे, दोन ट्रे एकदम बसतात. तुझ्याकडे चार घाण्यांना अख्खी दुपार जाईल.

बी-२०४ : काकू, तुमचं मन मोठं आहे, पण तुमच्या ओव्हनमध्ये आठवड्याला ब्रेड होतो. पंख्याचा ओव्हन आहे, आतलं पीठ तो पंखा उडवून ट्रेवर आणतो. भाजल्याने ग्लूटेन मरत नाही, तो जंतू नव्हे. चाळणी आणि लाकडी चमचेही नकोत, त्यांच्या जाळीत आणि रेघांत पीठ बसलेलं असतं. तुम्ही माझ्याकडे या. तुमच्यासारखे एकसारखे गोळे मला वळता येत नाहीत.

सी-१०१ : येते. त्या दिवशी सकाळी पिठाला हात लावणार नाही, धुतलेली साडी नेसून येते. अंडं न खाणारी चार-पाच मुलं आहेत बघ, त्यांचं काय?

बी-२०४ : त्यांचा घाणा वेगळा. एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवायची, चिकट झाली की घालायची. बांधणी अंड्याइतकी पक्की नसते, कुकी ठिसूळ होते. त्यामुळे गोळे लहान ठेवायचे आणि पूर्ण गार झाल्याशिवाय ट्रेवरून उचलायचं नाही. जवसाचं पाकीटही मागून वाचून आणा हं.

ए-५०३ : ताई, आमच्याकडे पीनट बटरची मोठी बरणी आहे, जेमतेम एक थर वापरलाय. ती आणू?

बी-२०४ : नको वहिनी. निदान व्हायच्या आधीची ना ती? ब्रेडला लावताना सुरी परत बरणीत जाते आणि चुरा आत राहतो. जॅम, लोणी, सगळ्यांचं तेच. मुलासाठी या सगळ्या बरण्या नव्या घ्या आणि झाकणावर त्याचं नाव लिहा. जुनी तुम्ही दोघं संपवा.

ए-५०३ : हे कुणी सांगितलंच नव्हतं. पदार्थांची यादी मिळाली होती, बरण्यांचं काही नाही. आत्ता उठून बघितलं, लोण्यात चुरा दिसतोय.

बी-२०४ : उद्या संध्याकाळी येते तुमच्याकडे, एकेक फडताळ बघू. आणि शनिवारी त्याला माझ्याकडे पाठवा. गोळ्यांवर काट्याने उभ्या-आडव्या रेघा काढायला कुणीतरी हवं. मिश्रण घट्ट असतं, काट्याने दाबून सपाट केलं की मधोमध नीट भाजतं. तुकडा बसवायचा त्या कुकीला रेघा नकोत, पण अंड्याशिवायच्या घाण्याला काढू, म्हणजे पिशव्या भरताना कुठली कुठली ते कळेल.

ए-५०३ : आत्ताच सांगितलं त्याला. विचारतोय, तिथे केलेली कुकी तिथेच खाल्ली तर चालेल का.

बी-२०४ : चालेल. ट्रेवर दहा मिनिटं थांबायची तयारी असेल तर.

डी-३०१ : मग असं धरतो. शनिवारी दुपारी बी-२०४ मध्ये चार मोठे घाणे आणि अंड्याशिवायचा एक छोटा. चॉकलेट सी-४०३. पिशव्या आणि त्यांवर फ्लॅट नंबर माझ्याकडे. पिशवीवर "शेंगदाणे आहेत" आणि जिथे असेल तिथे "अंडं आहे" असं ठळक लिहितो. बी-६०४ ची पिशवी त्या स्वतः भरून आणतील. रविवारी दारापाशी काका. फळं कोण आणतंय?

ए-२०२ : फळं माझ्याकडे. कापायची सुरी आणि पाट नवीन आणतो, जुना पाट ब्रेड कापायचा आहे.