शाळेत 'मेंटल वेलनेस प्रोग्राम' विकायला आलेत, खरा की पोकळ हे कसं ओळखायचं?

नाशिकची_अनघा
नमस्कार मंडळी, मुलगी नववीत आहे आणि यंदा पालक-शिक्षक संघात माझं नाव घातलंय. परवा मीटिंगमध्ये एका कंपनीचे लोक आले होते, आठवी ते दहावीसाठी वर्षभराचा प्रोग्राम म्हणे. आधी बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव आणि करिअर सांगणारी टेस्ट, मग दर आठवड्याला माइंडफुलनेसचा (श्वासाकडे, चालू क्षणाकडे लक्ष द्यायचा सराव) तास जो वर्गशिक्षकच घेणार (त्यांना दोन दिवसांचं ट्रेनिंग देणार), शेवटी सर्टिफिकेट. पैसे अर्थात पालकांचे. स्लाइडवर मोठ्ठं लिहिलेलं, 'एव्हिडन्स बेस्ड'. मी विचारलं एव्हिडन्स कुठला, तर म्हणे हजारो पालकांचा फीडबॅक आहे आमच्याकडे. बाकी सगळे माना डोलवत होते, मीच खडूस ठरले.
पण मुलांसाठी काहीतरी व्हायला पाहिजे हेही खरंय, नववी-दहावीचं टेन्शन दिसतंय ना डोळ्यांना. तर चांगला प्रोग्राम ओळखायचा कसा? आणि जाता जाता, सासूबाई गेल्यापासून सासरे एकदम गप्प झालेत, जेवण कमी, भजनी मंडळ सोडलं. मोठ्यांसाठी गोळ्यांशिवाय असं काही असतं का?

शंकासुर_ठाणे
ठशांची टेस्ट ऐकली तिथेच उठायचं होतं हो ताई. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात, त्यावरून पोरगं कॉमर्सला जावं की सायन्सला हे कळतं याला काडीचा पुरावा नाही. हातावरच्या रेषांऐवजी बोटावरच्या, मशीन नवीन, धंदा तोच जुना ज्योतिषाचा. आणि फीडबॅक म्हणजे पुरावा नव्हे. वर्षभरात पोरं तशीही बदलतात, परीक्षा संपली की निम्म्यांचं टेन्शन आपोआप उतरतं, श्रेय मात्र कंपनी घेणार. तोच प्रोग्राम न मिळालेल्या मुलांशी तुलना केली का, एवढाच प्रश्न विचारा, पुढची स्लाइड निघणार नाही.

समुपदेशक_पुणे३०
शाळेत समुपदेशक म्हणून काम करते म्हणून जरा लांबलचक लिहितेय, माफी.
तुलना केली का हा प्रश्न बरोबरच आहे पण माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न म्हणजे *कोण देणार*. यावर आपल्याच देशातला फार छान अभ्यास आहे, बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातला, 'सेहेर' नावाचा, गोव्याच्या 'संगत' संस्थेच्या लोकांनी केलेला, २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ७४ सरकारी शाळा, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या तीन गटांत वाटलेल्या. एका गटात शाळेसाठी वेगळा माणूस नेमला, मानसशास्त्राची मोठी डिग्रीवाला नव्हे, साधा प्रशिक्षण दिलेला. दुसऱ्या गटात तेच सगळं काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे दिलं. तिसऱ्यात नेहमीचं जीवनकौशल्य शिक्षण. काम काय तर मुलांनी तक्रारी-सूचना टाकायची पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, परिपाठाच्या वेळी विषय मांडणं, आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकट्याने बोलणं. म्हणजे आख्ख्या शाळेचं वातावरण बदलायचं, नुसते आजारी कोण ते शोधत बसायचं नाही.
निकाल असा की वेगळा माणूस नेमलेल्या शाळांमध्ये वातावरण सुधारलं, दादागिरी आणि मारामारी कमी झाली, उदासीची लक्षणंही कमी झाली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांमध्ये काहीच फरक नाही! कार्यक्रम तोच, वह्या त्याच.
आता माइंडफुलनेसचं. ब्रिटनमध्ये 'मिरियड' नावाचा मोठा अभ्यास झाला, ८५ शाळा, ८ हजारांवर मुलं, तिथेही शिक्षकांनाच ट्रेनिंग देऊन तास घेतले. २०२२ ला निकाल आला, नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा काही जास्त फायदा नाही, बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. माइंडफुलनेस वाईट असं नाही म्हणत मी, मोठ्या माणसांत त्याचे उपयोग दिसलेत, पण सरसकट आठवीच्या वर्गाला बसवून 'श्वासाकडे लक्ष द्या' म्हटलं की काय होतं ते मी बघितलंय, मागच्या बाकावर पेनांची तलवारबाजी.
ज्या मुलाला खरंच भीतीचा त्रास आहे त्याला सीबीटी ही बोलून करायची उपचारपद्धत, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायला शिकवणं, याला भक्कम पुरावा आहे. लहान मुलांच्या आक्रस्ताळेपणात तर ट्रेनिंग मुलाला नाही, आईबाबांनाच द्यायचं असतं. हे ऐकलं की पालक दुसऱ्या खेपेला येत नाहीत, तो भाग वेगळा.

मास्तर_सातारकर
म्हणजे सगळं खापर परत मास्तरांवर का? जनगणना आम्ही, निवडणूक आम्ही, खिचडीचा हिशोब आम्ही, आता पोरांचं मन पण आम्हीच सांभाळायचं आणि नाही जमलं की अभ्यास छापणार.

समुपदेशक_पुणे३०
@मास्तर_सातारकर सर, उलट अर्थ आहे हो त्याचा. शिक्षकांच्या डोक्यावर अजून एक टोपलं ठेवून भागत नाही, वेगळा माणूस नेमा, त्याला पगार द्या, असंच सांगतोय तो अभ्यास. शिवाय जे मास्तर गणिताचे मार्क देतात त्यांच्याकडे घरातलं भांडण सांगायला मूल कचरतंच, त्यात मास्तरांचा काय दोष.

अमरावतीकर
अनघाताई, सासऱ्यांबद्दल. आमच्याकडे 'विश्राम' नावाचं काम झालं होतं, जिल्ह्यातल्या ३० गावांत, शेतकरी आत्महत्यांमुळेच सुरू झालेलं. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांनी घरोघरी जायचं, बोलायचं, गरज असेल तर डॉक्टरकडे न्यायचं. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते ते २७.२ टक्क्यांवर गेले. (शंकासुर भाऊ आता विचारतील म्हणून आधीच सांगतो, तुलनेचा गट नव्हता, आधी-नंतरचीच पाहणी.)
तुलनेसकट पाहिजे तर गोव्यातला बघा, प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला, २०१७ चा. ४९५ मोठी माणसं, बऱ्यापैकी जास्त डिप्रेशनवाली. त्यातल्या एका गटाच्या प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी घेतल्या. मूळ युक्ती अशी की मन लागलं की करू म्हणून थांबायचं नाही, आधी छोटी गोष्ट करायची, मन मागून येतं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के डिप्रेशनमधून बाहेर होते, नुसत्या नेहमीच्या उपचारवाल्यांत ३९. म्हणजे ३६ टक्क्यांना पुरलं नाही हेही लक्षात ठेवा.
सासऱ्यांना 'डिप्रेशन' म्हणाल तर ते अजून गप्प होतील, आमच्याकडचे म्हातारे तरी होतात. भजनात परत जा असंही एकदम नको, आधी कुणाला तरी घरीच बोलवा टाळ घेऊन. पण जेवण सुटलंय म्हणताय तर थायरॉइड, साखर वगैरे तपासून घ्या, आणि 'आता जगून काय करायचंय' टाइपचं बोलत असतील तर मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच, गोळ्यांना घाबरू नका.

नाशिकची_अनघा
बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. जगून काय करायचंय असं मागच्या आठवड्यात एकदा म्हणाले होते, मी म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. उद्याच बघते. शाळेसाठी मी सुचवणारे की ठशांची टेस्ट रद्द करा आणि तेवढ्याच पैशात आठवड्यातून तीन दिवस तरी एक समुपदेशक ठेवा. चालेल का तीन दिवस?

अमरावतीकर
उद्यापर्यंत थांबू नका, आज रात्रीच १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. सासरे नाही बोलले तर तुम्ही बोला, काय करायचं ते विचारून घ्या. आणि रात्री त्यांना खोलीत एकटं ठेवू नका.

समुपदेशक_पुणे३०
+१, आधी ते. शाळेचं नंतर बघू. तीन दिवस चालतील, पण समुपदेशकाच्या खोलीचं दार मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर उघडत नाही ना तेवढं बघा, नाहीतर एक पोरगं फिरकणार नाही.