केसलचा सौदा आणि न पेरलेलं पीक: एनएचएलमध्ये पुढचे पिक विकू द्यावेत का?

टोरांटोकर:
एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सात फेऱ्या असतात. दर फेरीत प्रत्येक संघाला एक नवा पोरगा निवडायचा हक्क मिळतो, तळाच्या संघांचा नंबर आधी. हा हक्क म्हणजे पिक. तो खेळाडूसारखाच अदलाबदलीत देता येतो, अगदी दोन-तीन वर्षं पुढचासुद्धा. माझं स्पष्ट मत: पुढच्या ड्राफ्टचे पहिल्या फेरीचे पिक देण्यावर बंदी हवी.

सप्टेंबर २००९ मध्ये आमच्या टोरांटो मेपल लीफ्सनी बॉस्टनकडून फिल केसल घेतला. बदल्यात २०१० चा पहिल्या फेरीचा आणि दुसऱ्या फेरीचा, शिवाय २०११ चा पहिल्या फेरीचा, असे तीन पिक गेले. हंगाम सुरूसुद्धा झाला नव्हता. पेरणीच्या आधी पीक विकलं! त्या हंगामात लीफ्स तीस संघांत एकोणतिसावे आले. बॉस्टनला अख्ख्या ड्राफ्टमधला दुसरा क्रमांक मिळाला, त्यावर त्यांनी टायलर सेगिन घेतला. पुढच्या वर्षी नवव्या क्रमांकावर डगी हॅमिल्टन. सेगिनने पहिल्याच हंगामात, २०११ ला, स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, उचलला. आम्ही १९६७ पासून वाट बघतोय. सौदा करणारे जनरल मॅनेजर २०१३ च्या जानेवारीत गेले, फेडत बसलो आम्ही.

टॅम्पावाला:
दादा, दुखणं कळतं, पण केसलने तुमच्यासाठी सहा हंगामांत १८१ गोल केले. तो खोटा माल नव्हता, भोवतीचा संघ कच्चा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये टॅम्पा बेने ब्लेक कोलमन आणि बार्क्ले गुडरो या दोघांसाठी पहिल्या फेरीचा एकेक पिक मोजला. तेव्हा लोक म्हणाले, एवढी किंमत? दोघेही तिसऱ्या फळीचे, अंग झोकून खेळणारे. टॅम्पाने २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन कप जिंकले. तुमची बंदी असती तर हे झालं असतं का?

टोरांटोकर:
झालं असतं. ते पिक त्याच वर्षीच्या ड्राफ्टचे होते, आणि फेब्रुवारीत कोणता संघ गुणतक्त्यात कुठे आहे हे टॅम्पाला दिसत होतं. बरं, बंदी जरा सैल करतो: अर्धा हंगाम झाल्यावर त्या वर्षीचा पिक द्या. सप्टेंबरमध्ये नको.

ओटावाची लेक:
मग अट घाला ना. पिक पहिल्या दहात आला तर यंदा देणार नाही, पुढच्या वर्षी देईन, अशी अट सर्रास असते.

आता मीच माझ्या विरोधात बोलते. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोलोराडोच्या मॅट डुशेनसाठी आमच्या ओटावा सेनेटर्सनी अशाच अटीवर पहिल्या फेरीचा पिक दिला. २०१८ ला तो चौथा आला, म्हणून ठेवून घेतला आणि ब्रेडी टकाचक मिळाला. पुढच्या हंगामात आम्ही थेट तळाला. तळाच्या संघांचे वरचे क्रमांक सोडतीने ठरतात; त्या लॉटरीत घसरून पिक पुन्हा चौथा आला, आणि या वेळी तो कोलोराडोला गेला. त्यांनी बोवेन बायरम घेतला, २०२२ ला कपही जिंकला. डुशेनला तर आम्ही त्या ड्राफ्टच्या आधीच दुसरीकडे देऊन टाकलं होतं. अटीने मरण फक्त वर्षभर पुढे ढकललं. तरी टकाचक वाचला, म्हणून बंदीपेक्षा मला अट बरी वाटते.

जुना हॅब्ज (मॉन्ट्रियलचा चाहता):
तुम्ही सगळे विकणाऱ्याचंच बघताय. घेणारा काय करतो ते ऐका. १९७० मध्ये मॉन्ट्रियलच्या सॅम पोलॉकनी कॅलिफोर्निया सील्सचा १९७१ चा पहिल्या फेरीचा पिक मिळवला. पुढे लॉस एंजेलिसचा संघ सील्सच्याही खाली जातो की काय, असं दिसताच, लॉस एंजेलिस सावरावं म्हणून, १९७१ च्या जानेवारीत त्यांनी आपला खेळाडू राल्फ बॅकस्ट्रॉम त्यांना दिला. सील्स शेवटी तळालाच राहिले आणि मॉन्ट्रियलला गी लाफ्लर मिळाला. त्याच्यासह पाच कप! मी मॉन्ट्रियलचा असूनही सांगतो, तिसऱ्याच संघाचं नशीब असं हलवता येणं मला पटत नाही. शेवटच्या संघाला बक्षीस, हीच खरी गोम. महिलांच्या पीडब्ल्यूएचएल या हॉकी लीगमध्ये प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, आशा संपल्यानंतर जो संघ जास्त गुण कमावतो, त्याला पहिला पिक मिळतो. हरून काही हाती लागत नाही.

टॅम्पावाला:
हे मान्य. पण टोरांटोकर, २०१० च्या वसंतात तुमच्या लीफ्सना मुद्दाम हरण्याचं काहीच कारण नव्हतं, कारण पिक आधीच गेला होता. ज्यांनी पिक राखून ठेवला, त्या तळाच्या संघांबद्दल हे छातीवर हात ठेवून सांगता येईल का?