कोळंबीचं पित्त आणि आमसुलाचं पाणी

बंदरवाला, मालवण: परवा कोळंबीचं कालवण खाल्लं आणि भाच्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठही सुजले. आजीने आमसुलं भिजवून ते पाणी अंगाला चोळलं. अर्ध्या तासात पोरगा खेळायला पळाला. ऍलर्जीत शरीरातल्या मास्ट पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात, त्यानेच खाज-सूज येते. कांद्यातलं क्वेर्सेटिन आणि हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत या पेशींना आवरतात. मग आजीला का हसायचं?

गुहागरकरीण: आजीला कोण हसतंय? पण गांधी आपापल्याही बसतात. आणि मला सांगा, त्या कोळंबीला हळद आणि कोकमाचं आगळ लावलंच असेल ना? तरी व्हायचं ते झालंच! कोळंबीतलं ऍलर्जी आणणारं प्रथिन, ट्रोपोमायोसिन, शिजवूनही टिकतं, आणि कर्क्युमिन पोटातून रक्तात जातं अगदी नावाला. काचेतल्या पेशी वेगळ्या, आपलं पोट वेगळं.

ओवा-बडीशेप: ताई, घाई होतेय. इजिप्तकडे खेल्ला नावाची वनस्पती आहे, आपल्या ओव्याच्याच कुळातली. तिच्यातल्या खेलिनवरून क्रोमोग्लिकेट हे मास्ट पेशी शांत करणारं औषध निघालं. त्यावर काम करणारे डॉक्टर रॉजर अल्टुन्यान यांना स्वतःला दमा होता, त्यांनी १९६० च्या दशकात स्वतःवरच प्रयोग केले. झाडपाल्यात काही नसतं, असं कसं म्हणता?

गुहागरकरीण: मी तसं म्हटलंच नाही. खेलिनवर रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं राबले, तेव्हा ते औषध झालं. मात्रा ठरली, माणसांवर तपासलं गेलं. चिनी वनस्पतींच्या एफएएचएफ-२ या मिश्रणाने उंदरांना शेंगदाण्याच्या ऍलर्जीपासून वाचवलं होतं. माणसांवरच्या चाचणीत ते सुरक्षित ठरलं, पण ऍलर्जीचा पदार्थ पचवायची ताकद काही वाढली नाही.

ओवा-बडीशेप: त्या चाचणीत बऱ्याच जणांनी गोळ्या नीट घेतल्याच नव्हत्या, हेही सांगा की. दिवसाला तीस गोळ्या! कोण घेणार?

वेंगुर्ल्याचा: जरा विषयांतर. बर्फाविना राहिलेला बांगडा खाल्ला तरी असंच पित्त उठतं. तिथे हिस्टामिन माशातच तयार झालेलं असतं, ती ऍलर्जी नव्हे. आमच्याकडे दोन्हीला 'पित्त' म्हणतात आणि सगळा घोळ होतो.

बंदरवाला, मालवण: कोळंबी ताजी होती, रापणीतून सरळ घरी. आजी आता म्हणते, रोज एकेक खाल्ली की सवय होते.

गुहागरकरीण: नको हो, घरी अजिबात नको! ओठ सुजले होते, पुढच्या वेळी घसा सुजला तर आमसूल चोळत बसणार का? तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं. आधी ऍलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा.

बंदरवाला, मालवण: दाखवतो. आजीला मात्र तुम्हीच सांगा.