मदत हवी आहे: मुंबईहून क्रूझ, गोवा की कोची की लक्षद्वीप? (सोबत आई-बाबा)

निशिगंध

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

जानेवारीत बहीण अमेरिकेहून येतेय आणि त्याच महिन्यात बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतात. हॉल घेऊन जेवणावळ करायची नाही असं बाबांनी आधीच बजावलंय. म्हणून मुंबईहूनच सुटणाऱ्या क्रूझचा विचार आहे. विमान नको, बॅगा उचलून स्टेशनं बदलणं नको, ठाण्याहून टॅक्सीने बॅलार्ड पियर गाठलं की झालं.

आम्ही सात जण. आई ७१, दोन्ही गुडघे बदललेले. सपाटीवर छान चालते, जिना उतरताना मात्र कठडा लागतो. बाबांना मधुमेह, एरवी टुणटुणीत. बाकी मी, नवरा, बहीण आणि तिची दोन मुलं, १४ आणि १०.

आता अडलंय ते बंदरावर. दोन रात्रींची मुंबई-गोवा-मुंबई आहे. तीन रात्रींची मुंबई-कोची आहे, ती एकमार्गी, येताना विमान. आणि एक लांबची, कोचीबरोबर लक्षद्वीपला जाणारी. मुलांना लक्षद्वीपच हवंय, फोटो बघून वेडी झालीत. नवऱ्याला कोची. बाबांना गोवा, कारण मंगेशी आमचं कुलदैवत आणि पाच वर्षांत जाणं झालेलं नाही. आईला विचारलं तर म्हणते, "मला कुठंही चालेल गं, फक्त ती बोट मालवणावरून जाते का ते विचार." तिचं आजोळ मालवणचं.

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. आणि मालवण दिसतं का, तेही.

फिरस्ता_७२

जाहिरातीत "गोवा: सकाळी १० ते संध्याकाळी ६" असं लिहिलेलं असतं, त्यातले आठही तास आपल्याला मिळत नाहीत. धक्क्याला लागल्यावर मजल्यामजल्याने सोडतात, तिथे पाऊण-एक तास जातो. परत चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या तासभर आधी. राहिले सहा. त्यात बोट लागते मुरगावला, वास्कोच्या टोकाला. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. "गोवा" म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे कळंगुट येतं आणि मग अर्धा दिवस टॅक्सीत जातो.

तुमच्या बाबतीत मात्र गोवा जमण्यासारखं आहे, कारण तुम्हाला जायचंय एकाच ठिकाणी. वास्कोहून मंगेशी गाडीने तासभर धरा, थोडं जास्तच. वाटेत कुठ्ठाळी लागते. मंगेशाचं मूळ देऊळ तिथलं, १५६० साली पोर्तुगीजांच्या धाकाने देव खाडीपलीकडे प्रियोळला नेला. बाबांना तिथे दोन मिनिटं गाडी थांबवून दाखवा, त्यांना आवडेल. दर्शन, जेवण, आणि वेळ उरला तरच म्हार्दोळची म्हाळसा. कवळ्याची शांतादुर्गा, जुनं गोवं, पणजी हे सगळं कोंबायचा मोह टाळा.

इनोव्हा आधीच ठरवून ठेवा. गोव्यात ओला-उबर नाहीत आणि बोट लागल्यावर बंदराच्या फाटकाबाहेर अख्खी बोट टॅक्सी शोधत असते.

खाडीकाठ

लक्षद्वीप आम्ही केलंय. पाणी फोटोत दिसतं तसंच आहे, त्यात खोट नाही. पण आईंचे गुडघे वाचले आणि लिहायला बसले.

तिथे मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा, आत उथळ लगून (शांत पाण्याचं तळं), त्यामुळे बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि लहान होडीतून माणसं नेतात. त्याला टेंडर म्हणतात. बोटीच्या पोटातल्या दारातून उतरायचं, समोर होडी वर-खाली होतेय, दोन खलाशी दंड धरतात आणि होडी वर आली की "आता!" म्हणतात. तरण्या माणसाला मजा वाटते. माझ्या सासूबाईंनी दारातूनच परत फिरून दिवसभर डेकवर पेपर वाचला. व्हीलचेअर लागत असेल तर बहुतेक वेळा नाहीच म्हणतात.

दुसरं म्हणजे वारा असेल तर उतरवणंच रद्द होतं. आमचं एक बेट असंच गेलं. मुलं रडकुंडीला आली होती, पैसे देऊन बेट लांबून बघितलं. यात कुणाला दोष देता येत नाही, पण तिकीट काढताना हे कुणी ठळक सांगत नाही.

आणि बहिणीचा पासपोर्ट कुठला? लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. परदेशी पासपोर्ट असेल तर त्याचा परवाना वेगळा, शिवाय सगळी बेटं खुली नसतात. हे तिकिटाआधी विचारा.

मुलांचं लक्षद्वीप वेगळं करा. विमानाने कोचीहून आगत्तीला जाता येतं. किंवा तिथल्या प्रशासनाच्या पर्यटन संस्थेची "समुद्रम" नावाची सहल असते, कोचीहून एम. व्ही. कवरत्ती बोटीने. रात्री बोटीवर झोपायचं, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. मिनिकॉयचा दीपगृह १८८५ सालचा आहे, वर चढू देतात तेव्हा चढाच.

टवाळ_पक्षी

नवऱ्याला आधीच सांगून ठेवा की लक्षद्वीपला बंगारम सोडलं तर दारूबंदी आहे. एक मत आपोआप कमी होईल.

निशिगंध

@खाडीकाठ, बहिणीचा आणि मुलांचा अमेरिकन पासपोर्ट, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे लक्षद्वीप बाद. मुलांना सांगायचं काम मावशीवर, अर्थात.

@टवाळ_पक्षी, त्याला कोचीच हवंय, डच आणि ज्यू इतिहासासाठी. तुम्हाला वाटतंय तसला नवरा नाही तो. (थोडासा आहे.)

वांद्र्याची

कोची ज्येष्ठांसाठी मला सगळ्यात सोपं वाटलं. बोट थेट धक्क्याला लागते, विलिंग्डन बेटावर. हे बेटच बंदरातला गाळ उपसून, भर घालून केलेलं. तिथून फोर्ट कोची गाडीने जवळ आणि सगळं सपाट. मासेमारीची चिनी जाळी, मग सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, त्याला आधी इथेच पुरलं होतं, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. मट्टनचेरीत तिरुमल देवस्वमचं मोठं देऊळ आहे, गोव्यातून गेलेल्या कोकणी सारस्वतांचं. तुमचं कुलदैवत मंगेशी म्हणजे बाबांना तिथेही गप्पा मारायला माणसं मिळतील. ऊन झालं की वॉटर मेट्रोत (शहरातली प्रवासी बोट) बसा, वातानुकूलित आणि स्वस्त.

एकच गोम. बोट कोणत्या वारी पोहोचते ते बघा. परदेसी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८ चं) शुक्रवार-शनिवार बंद, मट्टनचेरीचा डच पॅलेस शुक्रवारी बंद. वीकेंडला जोडून निघालात तर नवऱ्याच्या यादीतलं निम्मं कुलुपात.

मिरमिरा

थोडा वेगळा सूर लावते. बंदरासाठी क्रूझ घेऊच नये असं माझं मत झालंय. सगळे उतरून गेले की बोट रिकामी, तरणतलाव रिकामा, चहाला रांग नाही. आम्ही गोव्याला उतरलोच नाही आणि तोच दिवस सगळ्यात छान गेला. आई-बाबांना दगदग करून देवळात कशाला न्यायचं?

फिरस्ता_७२

@मिरमिरा, पंचाहत्तरीला कुलदैवताचं दर्शन ही दगदग नसते हो. गोव्यापर्यंत जाऊन मंगेशी न करता परत आणलं तर बाबा पुढची पाच वर्षं ऐकवतील.

मिरमिरा

हे मात्र खरं :)

दर्यावर्दी

३४ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, आता डोंबिवलीत झाडांना पाणी घालतो. मालवणचा प्रश्न कुणीच घेतला नाही म्हणून लिहितो.

मुंबई ते मुरगाव सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. बोट १५ नॉटने (तासाला १५ सागरी मैल) चालली तर पंधरा तास. संध्याकाळी ६ ला सुटली तर सकाळी ९ ला मुरगाव, पायलट (बंदरात बोट नेणारा वाटाड्या) घेण्यात थोडा वेळ जातो तो वेगळा. मालवण मुरगावच्या उत्तरेला चाळीसेक मैल. म्हणजे मालवणासमोर तुम्ही सकाळी साडेसहाच्या सुमारास, आणि जानेवारीत तिकडे सूर्य सातनंतर उगवतो. बोट तासभर उशिरा सुटली तर नेमकी उजाडताना याल. किनारा जाताना डाव्या हाताला, आणि सूर्य त्याच बाजूने वर येणार.

आता निराशेचा भाग. बोट किनाऱ्यापासून बरीच लांबून जाते आणि हिवाळ्यात सकाळी किनारा धूसर असतो. सिंधुदुर्ग किल्ला ओळखू येईल अशी आशा ठेवू नका. डोंगरांची रेघ दिसली तरी नशीब. येताना मात्र एक गोष्ट जमण्यासारखी आहे. मुरगावहून संध्याकाळी ६ ला निघालात तर दोन तासांत वेंगुर्ला रॉक्सच्या आसपास याल. समुद्रातल्या खडकांवर तिथे दीपगृह आहे. आता किनारा उजव्या हाताला. आठच्या सुमारास आईंना डेकवर न्या, शाल द्या. त्यांनी लहानपणी बोटीने प्रवास केला असेल तर हा दिवा त्यांनी नक्की पाहिलाय.

कोचीला जायचं तर जवळजवळ सहाशे मैल. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस नुसतं पाणी. तो दिवस कुणाला आवडतो, कुणाला बोट लागते, म्हणजे मळमळतं. आईंना लागते का?

निशिगंध

@दर्यावर्दी काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. दोन मिनिटं गप्प बसली, मग बोलतच सुटली. शाळेत असताना दर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायची म्हणे. बंदरं तिला अजून ओळीने पाठ आहेत: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण. तिथे ती थांबली, पुढची बंदरं तिच्या कामाची नव्हती. परत येताना पावसाच्या आत यावं लागायचं, कारण पावसाळ्यात बोटी बंद. दिवा तिने पाहिलेला नाही, मालवणाच्या पुढे कधी गेलीच नाही!

आणि @खाडीकाठ, टेंडरचं वर्णन ऐकून हसली. मालवणला बोट लांब उभी राहायची आणि पडावातून (लहान होडीतून) उतरायचं, सामान, कोंबडी, म्हातारी माणसं सगळं त्यातच. "खलाशी बगलेत धरायचा आणि टाकायचा," म्हणाली. मी म्हटलं, तेव्हा तुझे गुडघे तुझे होते.

बोट लागायची का विचारलं तर "मला नाही, माझ्या भावाला." पण त्याला पंचावन्न वर्षं झाली.

दर्यावर्दी

पंचावन्न वर्षांपूर्वीची साक्ष धरू नका. या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी फेरीबोट) घ्या. तासाभराचा प्रवास, आत नीट बसायला जागा, पलीकडे चहा पिऊन परत या. फार काही सिद्ध होणार नाही, पण त्यातच मळमळलं तर कोचीचा विषय संपला.

केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर मागा. वरची बाल्कनीवाली महाग असते आणि जास्त डुलते. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, आधी घ्यावी लागते. पण बाबांना मधुमेहाची औषधं आहेत, तेव्हा डॉक्टरांना विचारून. आलेपाकाला कुणाची परवानगी लागत नाही.

वांद्र्याची

तिकिटाचा आकडा बघताना पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी (बोटीवरच्या कर्मचाऱ्यांची टिप) आणि जीएसटी धरलाय का ते विचारा. सात जणांचं मिळून चांगलंच होतं. उतरून फिरायची सहल बोटीकडूनच घेतली तर महाग पडते, पण तिला उशीर झाला तर बोट थांबते. स्वतःच्या इनोव्हासाठी थांबत नाही.

निशिगंध

रविवारी मांडवा झालं. आई खिडकीशी बसली, उठली नाही. बाबा झोपले. मळमळलं ते माझ्या नवऱ्याला! जाताना-येताना दोन्ही वेळा. त्यामुळे कोचीचा आग्रह त्याने स्वतःच मागे घेतला, पुढच्या वर्षी विमानाने जाऊ म्हणतोय.

तर दोन रात्रींची गोवा ठरली, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. मधल्या भागात, खालच्या मजल्यावर तीन केबिन. जाताना डावी बाजू मागितली तर फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, समुद्र दोन्हीकडे सेमच आहे." मी काही बोलले नाही, डावीच घेतली.

मंगेशीला जाऊन पाचच्या आत वास्को गाठायचं, म्हणजे गाडी ठरवायलाच हवी. वास्कोतला खात्रीचा ड्रायव्हर कुणाच्या ओळखीत असेल तर कृपया विपु (विचारपुशीत निरोप) करा. आणि काका, दुर्बीण न्यावी का? भाच्याकडे एक आहे, १० वर्षांच्या मुलाची असते तशी.

दर्यावर्दी

ती नको. कुणाकडून ७×५० ची (सातपट मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिमीची) मिळाली तर बघा. ताकद त्याहून जास्त घेतली की डेकवर हात हलतो आणि समोर नुसता पांढरा पट्टा दिसतो. आणि सकाळी सहालाच वर जा, सातपर्यंत रेलिंगजवळच्या खुर्च्या जातात.