सिल्व्हर्टनला (कोलोरॅडो) सोनं नक्की कोणी शोधलं? आणि ट्रेनने जावं की कारने?

डोंगरवेडा_७७:
जुलैमध्ये आईबाबा येतायत, ड्युरँगोहून वाफेच्या इंजिनाच्या ट्रेनने सिल्व्हर्टनला न्यायचा प्लॅन आहे. बाबांना इतिहासाचं भारी वेड, आत्तापासूनच व्हॉट्सॲपवर विचारतायत की नाव चांदीचं मग सोन्याची खाण कशी, आणि तिथे पहिला पोचला कोण. कोणाला नीट माहितीये का? विकिपीडिया वाचून डोकं गरगरलं.

आडवाटेचा_पांथस्थ:
पहिले म्हणाल तर यूट लोक, तिथले मूळ आदिवासी, त्यांचाच मुलुख तो. सोन्यासाठी आलेला पहिला गाजलेला माणूस चार्ल्स बेकर, 1860 साली. नदीच्या वाळूत थोडे कण सापडले आणि याने बाहेर अशी काही हवा केली की 1861 मध्ये शेकडो लोक बर्फ तुडवत वर आले आणि हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. लोक एवढे भडकले की त्याला फासावर चढवायच्या गोष्टी चालल्या होत्या म्हणतात. तेवढ्यात सिव्हिल वॉर सुरू झालं आणि सगळे पांगले. तरी त्या खोऱ्याला नाव मात्र बेकर्स पार्क, गंमतच आहे!

घाटावरची_मावशी:
यूटांचा विषय एका ओळीत उडवलात की. 1873 च्या ब्रुनो कराराने त्यांच्याकडून सुमारे 37 लाख एकर डोंगर काढून घेतला, वर्षाला 25 हजार डॉलर देऊ म्हणून. त्याआधीच खाणवाले आत घुसून बसले होते, करार नंतर. मग 1874 ला गाव वसलं, 1882 ला रेल्वे आली आणि चांदीची चलती सुरू झाली. 1893 ला चांदीचा भाव कोसळल्यावर सोन्यावर भर आला, सनीसाइड खाण तर 1991 पर्यंत चालली. बाबांना हे सांग, नावाचा प्रश्न मिटेल.

आडवाटेचा_पांथस्थ:
मावशी, मान्य. फक्त एक, चांदीच्या आधीही खडकातलं सोनं सापडलं होतं, 1870 च्या सुमारास, लिटल जायंट खाण. ती ज्या घळीत आहे तिचं नावच अरास्त्रा गल्च. अरास्त्रा म्हणजे आपल्या किल्ल्यांवर चुन्याची घाणी असते ना, साधारण तसंच, दगडी फरसबंदीच्या गोल खड्ड्यात जड दगड खेचराकडून ओढवत फिरवायचा, खनिजाची पूड करायची आणि पारा घालून सोनं धरायचं.

राहुल_ड्युरँगोकर:
आणि त्या खाणींचं देणं अजून फिटलेलं नाही! ऑगस्ट 2015 मध्ये गोल्ड किंग खाणीतून 30 लाख गॅलन घाण पाणी सुटलं, पर्यावरण खात्याचेच लोक काम करत असताना, आणि आमची ॲनिमास नदी पार नारिंगी झाली. त्याआधी 1978 ला अख्खं लेक एमा सनीसाइड खाणीत कोसळलं होतं, रविवार होता म्हणून आत कोणी नव्हतं.
आता कामाचं: ट्रेनला एका बाजूने साडेतीन तास, गावात जेमतेम दोन तास मिळतात, त्यात जेवण. ओल्ड हंड्रेड खाणीची टूर गावाबाहेर आहे, बसणार नाही. आत कडाक्याची थंडी असते, जुलैतसुद्धा जॅकेट हवंच.

डोंगरवेडा_७७:
भारी! मग आईबाबांना ट्रेनमध्ये बसवतो, मी कारने पुढे जातो, तिथून खाण बघून सगळे कारनेच परत. घाण्याचं वाचून बाबांचा लगेच रिप्लाय, "राजगडावर बघितलीये तशी?"